रिकाम्या कबरीचा धनी

खुलताबादजवळ डोंगरात एक मकबरा आहे. त्यात कुणाला पुरलेलं नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. श्रावणातल्या एका शनिवारी आबांबरोबर भद्रा मारुतीला गेले होते. आमच्याकडे रात्री औरंगाबादेतून पायी निघून पहाटे मारुतीला पोचायची रीत आहे, पण आबांचे गुडघे धरलेले, म्हणून आम्ही एसटीनं गेलो. दर्शन झालं, नारळ फुटला. परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून आबा मला गावाबाहेर घेऊन गेले. खुलताबादेत कबरींना तोटा नाही. औरंगजेबाची उघडी कबर तिथंच, पहिल्या निजामाची तिथंच, मलिक अंबरचाही मकबरा तिथंच. आबांनी दाखवली ती इमारत मात्र या सगळ्यांपासून बाजूला, एकटीच उभी होती. आजूबाजूला गवत माजलेलं.

"आबा, ही कुणाची?"

"तुर्कस्तानच्या खलिफासाठी निजामानं बांधली."

"तो आत आहे?"

"नाही बाळा. तो आलाच नाही."

मेलेला माणूस यायचा राहतो म्हणजे काय, हे मला त्या वयात काही केल्या समजेना. गाडीत बसल्यावरही मी विचारत राहिले. आबा म्हणाले, "त्याला एका रात्रीत घराबाहेर काढलं होतं. मग घर नाही ते नाहीच मिळालं." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आबा निजामाच्या अमदानीत शिकले. शाळा उर्दू, कचेरी उर्दू, घरात मराठी. पुढे महसुलात गिरदावर झाले. निजामाबद्दल त्यांना माया वाटायचं काही कारण नव्हतं. १९४८ साली रझाकारांच्या धामधुमीत आमचं सगळं घर एका रात्री गंगापूर तालुक्यातलं गाव सोडून गोदावरीपलीकडे, नगर जिल्ह्यात गेलं होतं. बरोबर चार भांडी, कागदपत्रांची एक पेटी आणि माझी तान्ही आत्या. पोलीस ॲक्शननंतर परतले तेव्हा घराच्या चौकटी होत्या, दारं नव्हती. तरीही निजामानं बांधलेल्या त्या मकबऱ्यासमोर आबांच्या आवाजात राग नव्हता. मला तो आवाज अजून आठवतो.

त्या कबरीच्या धन्याचं घर मी गेल्या वर्षी पाहिलं.

लेकीला इस्तंबूलमध्ये चार दिवसांचं काम होतं, मी तिच्याबरोबर गेले. फेब्रुवारी संपत आला होता. बोचरा वारा, मधूनच पावसाची भुरभुर. ती कामाला गेली की मी ट्राम पकडायची. शेवटचा थांबा काबाताश, तिथून समुद्राच्या कडेनं पाच-सात मिनिटं चाललं की आधी एक मशीद लागते, मग घड्याळाचा मनोरा, मग दोल्माबाहचे राजवाडा.

नावातलं 'बाहचे' म्हणजे आपला बगीचा, शब्द तोच. 'दोल्मा' म्हणजे भरलेलं. भरल्या वांग्यासारख्या तिकडच्या पदार्थांनाही दोल्माच म्हणतात. पूर्वी इथं बॉस्फरसचं पाणी आत आलेलं होतं, एक छोटीशी खाडीच. सतराव्या शतकात ती भराव घालून बुजवली आणि तिच्यावर सुलतानांची बाग झाली. म्हणून 'भरावावरची बाग'. मुंबईत राहिलेल्या माणसाला हे नाव लगेच पटतं.

शब्दांचं हे मला दिवसभर होत राहिलं. दुकानाला 'दुक्क्यान', पडद्याला 'पेर्दे', मैदानाला 'मेयदान'. आणि राजवाड्याला 'साराय'. आपल्याकडे सराई म्हणजे वाटसरूनं रात्रीपुरतं टेकायची जागा. मूळ फारसी शब्द एकच. तो तिकडे गेला तेव्हा सुलतानाच्या घरी राहिला आणि आपल्याकडे आला तेव्हा रस्त्याच्या कडेला.

राजवाडा बांधला सुलतान अब्दुलमजीद पहिला यानं. १८४३ साली काम सुरू झालं, १८५६ साली संपलं. त्याआधी जवळजवळ चारशे वर्षं सुलतान तोपकापीला राहत होते. तोपकापी मी आदल्या दिवशी पाहिला होता. तिथं एक इमारत अशी नाहीच. अंगणं, झाडं, छोटे छोटे मंडप, जणू घोड्यावरून आलेल्या लोकांनी तळ टाकला आणि तंबू दगडाचे झाले. मला तो फार आवडला. अब्दुलमजीदला तो जुना वाटत होता. युरोपचे राजे कसे राहतात हे त्याच्या कानावर होतं आणि त्यांच्या पंगतीत बसायचं होतं. त्यानं बाल्यान या आर्मेनियन घराण्यातल्या वास्तुकारांना काम दिलं. समुद्राच्या अंगाला सुमारे सहाशे मीटर लांब दर्शनी बाजू, आत २८५ खोल्या, ४६ दालनं, ६ हमाम. खर्च पन्नास लाख सोन्याच्या नाण्यांचा. नुसत्या छतांच्या मुलाम्याला १४ टन सोनं लागलं असं सांगतात.

एवढा पैसा तिजोरीत नव्हता, हे मला राजवाडा बघताना सारखं टोचत होतं. बांधकाम चालू असतानाच क्रिमियाचं युद्ध लागलं आणि १८५४ साली उस्मानी, म्हणजे या तुर्की सुलतानांच्या, राज्यानं पहिल्यांदा परदेशातून कर्ज काढलं. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. वीस-एकवीस वर्षांत, १८७५ साली, हप्ते थकले. १८८१ साली युरोपातल्या सावकारांचं एक मंडळच इस्तंबूलमध्ये येऊन बसलं आणि मीठ, तंबाखू, रेशीम असल्या जिनसांवरचे कर थेट वसूल करू लागलं. मराठवाड्यातल्या माणसाला सावकार काय असतो हे समजावून सांगावं लागत नाही. अब्दुलमजीद हे बघायला नव्हता. नव्या घरात पाच वर्षं काढून १८६१ साली तो गेला, अडतीस वर्षांचा होता.

दारात बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला देतात. आत फोटो काढायला मनाई. मला ते बरंच वाटलं, नुसतं बघायचं.

पहिल्यांदा बघत राहिले तो काचेचा जिना. घोड्याच्या नालेसारखे दोन्ही बाजूंनी वळत वर जाणारे पायऱ्यांचे दोन ओघ. कठडा लाकडी, पण त्याखालचे खांब सगळे फ्रान्सहून आणलेल्या बाकारा स्फटिकाचे. मी कठड्याशी वाकून एक खांब नीट पाहिला. वितळून ओघळताना थिजलेल्या पाण्यासारखा तो दिसतो, पण आत एकही बुडबुडा नाही. बाहेर मळभ होतं तरी वरच्या काचेच्या छतातून येणारा उजेड प्रत्येक खांबात वेगळा अडकला होता. एकात निळसर, शेजारच्यात पिवळट. मी एक पायरी चढले की सगळे उजेड आपापल्या खांबात सरकायचे. मागून लोक येत होते म्हणून वर जावं लागलं, नाहीतर मी तिथंच दुपार काढली असती.

दरबाराचं मोठं दालन, मुआयेदे सालोनू, इथलं सगळ्यात नावाजलेलं. ईदेच्या दिवशी सुलतानाला सलाम करायची जागा. घुमट ३६ मीटर उंच, त्याच्यापासून सोडलेलं साडेचार टनांचं झुंबर, साडेसातशे दिव्यांचं. हे झुंबर व्हिक्टोरिया राणीनं भेट दिलं, असं वर्षानुवर्षं सांगत असत. मग २००६ साली त्याच्या पैशांची पावतीच सापडली. सुलतानानं रोख किंमत मोजून विकत घेतलेलं निघालं. खाली एवढा थोरला हेरेकेचा गालिचा, चहूबाजूंनी खांब. लोक माना वर करून "आहा" म्हणत होते. मला ते दालन आवडलं नाही. तिथं माणूस मुंगीएवढा दिसावा म्हणूनच ते बांधलंय आणि तसाच तो दिसतो. सलाम घ्यायला बसलेला सुलतान तरी त्या घुमटाखाली केवढासा दिसत असेल!

मला बघायची होती ती खलिफाची ग्रंथशाळा.

इथं थोडं मागं जायला हवं. पहिलं महायुद्ध हरल्यावर उस्मानी राज्याचे तुकडे पडले. मुस्तफा कमाल यांनी अंकाराहून स्वातंत्र्ययुद्ध लढवलं आणि १ नोव्हेंबर १९२२ ला तिथल्या लोकप्रतिनिधींच्या सभेनं सुलतानपद रद्द केलं. शेवटचा सुलतान ब्रिटिशांच्या लढाऊ जहाजातून निघून गेला. खिलाफत, म्हणजे जगातल्या मुसलमानांच्या धर्मप्रमुखाची गादी, मात्र अजून ठेवली होती. ती दिली त्याचा चुलतभाऊ अब्दुलमजीद दुसरा याला. राजवाडा बांधणाऱ्या अब्दुलमजीदचा हा पुतण्या, चुलत्याच्या नावाचाच. हातात सत्ता नाही, फौज नाही, फक्त पदवी. ही पदवी टिकावी म्हणून तिकडे हिंदुस्थानात केवढं आंदोलन झालं होतं! गांधीजी त्यात उतरले होते, त्याची मध्यवर्ती समिती मुंबईत होती आणि भायखळ्याचं खिलाफत हाउस अजून उभं आहे.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस मनानं चित्रकार. अब्दुलमजीद तैलचित्रं काढायचा, वाद्यं वाजवायचा. त्याचं एक चित्र प्रसिद्ध आहे. जनानखान्यात बीथोव्हनचं संगीत चाललंय, एक बाई व्हायोलिन वाजवतेय, एक पियानोवर, आणि स्वतः खलिफा (तेव्हा नुसता शहजादा) बाजूला बसून कान देऊन ऐकतोय. जनानखान्याची चित्रं युरोपातल्या चित्रकारांनी ढिगानं काढली, बहुतेक कधी आत पाऊल न टाकता. हा त्या घरातला माणूस. त्याला दिसल्या त्या वाजवणाऱ्या बाया.

ग्रंथशाळा मोठी नाही. काचेची कपाटं, चामड्याच्या पुठ्ठ्यांची पुस्तकं, तुर्की, फ्रेंच, कितीतरी भाषांतली. त्या अवाढव्य घरात मला एवढी एकच खोली राहती वाटली. पुस्तकांच्या पाठी वापरून गुळगुळीत झाल्या होत्या. एका कपाटात एक पुस्तक शेजारच्यांपेक्षा बोटभर पुढं आलेलं होतं. झाडणाऱ्याच्या हातून राहिलं असेल, पण कुणीतरी आत्ता काढून वाचलं आणि घाईनं परत ठेवलं असं दिसत होतं. मी त्या एका पुस्तकाकडेच बघत राहिले.

३ मार्च १९२४ ला अंकाराच्या सभेनं खिलाफत रद्द केली आणि सगळ्या राजघराण्याला देशाबाहेर काढायचा कायदा केला. त्याच रात्री इस्तंबूलचे गव्हर्नर आणि पोलीसप्रमुख या घरात आले. वाड्याला वेढा होता. पहाट व्हायच्या आत निघायचं, एवढंच सांगितलं गेलं. शहरातल्या मोठ्या स्टेशनवर लोक जमतील म्हणून मोटारींतून लांब चाताल्जाच्या छोट्या स्टेशनावर नेलं. तिथला स्टेशनमास्तर ज्यू होता. त्यानं थंडीत कुडकुडणाऱ्या कुटुंबाला आपल्या घरात बसवलं, चहापाणी केलं. खलिफानं आभार मानले तेव्हा तो म्हणाला, आमच्या पूर्वजांना स्पेनमधून हाकललं तेव्हा तुमच्या पूर्वजांनी आसरा दिला होता, अशी आठवण सांगतात. मग युरोपला जाणारी आगगाडी आली.

त्या मोटारीत दहा वर्षांची एक मुलगी होती. खलिफाची लेक, दुर्रुशेहवार.

ग्रंथशाळेतून बाहेर पडून मी जनानखान्याच्या लांब बोळातून चालत होते. तिथं दरबारासारखा थाट नाही. बोळ थंड, उजेड कमी, दोन्ही बाजूंना दारंच दारं. लाकडी जमीन पायाखाली करकरते. अशा बोळातून त्या रात्री दहा वर्षांच्या मुलीला झोपेतून उठवून नेलं असेल. तिनं बरोबर काय घेतलं असेल? आमच्या घरानं चार भांडी आणि कागदांची पेटी घेतली होती. आजी सांगायची, निम्म्या वाटेत तिला आठवलं की विरजण लावलेलं दूध चुलीपाशी तसंच राहिलं. सोनंनाणं राहिलं त्याचं दुःख नाही, पुढची पंचवीस वर्षं ती त्या दुधाची आठवण काढत होती.

पुढची गोष्ट आपल्या बाजूची आहे. कुटुंब आधी स्वित्झर्लंडला, मग फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीसला राहिलं. हाती पैसा नव्हता. हैदराबादच्या सातव्या निजामानं, मीर उस्मान अली खानांनी, खलिफाला महिना ३०० पौंडांचं पेन्शन बांधून दिलं. मौलाना शौकत अलींनी सोयरीक जुळवली आणि नोव्हेंबर १९३१ मध्ये नीसलाच निजामाच्या थोरल्या मुलाशी, आझम जाह यांच्याशी, दुर्रुशेहवारचं लग्न झालं. ती सतरा वर्षांची. धाकट्या मुलाला, मुअज्जम जाह यांना, तिच्याच घराण्यातली निलोफर दिली. उस्मानी घराण्यातल्या या दोन मुली सुना होऊन दख्खनेत आल्या. हैदराबादेत लहान मुलांचं आणि बायकांचं निलोफर हॉस्पिटल आहे. आपली दासी बाळंतपणात दगावल्याचं दुःख निलोफरनं मनाला लावून घेतलं, त्यातून ते उभं राहिलं. पुराणी हवेलीत दुर्रुशेहवारच्या नावाचा दवाखाना आहे. माझी ती तान्ही आत्या पुढं हैदराबादेत दिली. तिच्या दोन्ही नातवंडांचा जन्म निलोफरमधला. तिच्या तोंडी ते नाव 'निलूफर' असं यायचं, शेजारच्या बाईचं असावं तसं.

खलिफाला शेवटी इथं, आपल्या डोंगरात निजवायचं म्हणून निजामानं खुलताबादला तो मकबरा बांधवला. पण खलिफा ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिसमध्ये वारला. बाहेर जर्मनांविरुद्ध शहर उठलं होतं, रस्त्यात गोळ्या चालल्या होत्या. युद्धात हिंदुस्थानपर्यंत देह कोण आणणार? लेकीनं तुर्कस्तानकडे मातीपुरती जागा मागितली, मिळाली नाही. दहा वर्षं तो देह पॅरिसच्या मशिदीत राहिला. तोवर १९४८ उजाडून गेलं, निजामाचं राज्यच राहिलं नाही. शेवटी १९५४ साली मदिनेत दफन झालं.

दुर्रुशेहवार २००६ साली लंडनमध्ये वारली, कबरही तिकडेच. तिचा थोरला मुलगा, आठवा निजाम मुकर्रम जाह, २०२३ च्या जानेवारीत वारला. कुठं, तर इस्तंबूलमध्ये. आईला जिथून मध्यरात्री काढलं त्याच गावात. आणि त्याचा देह विमानानं हैदराबादला आणून मक्का मशिदीत पुरला. आजोबा दख्खनेत यायचे राहिले, नातू आला.

जनानखान्याच्या बाजूलाच ७१ नंबरची खोली आहे. तिच्यात एक अक्रोडी लाकडाचा पलंग आणि त्यावर चंद्र-ताऱ्याचा लाल झेंडा अंथरलेला. ज्यांच्या सभेनं या घराला कुलूप लावलं, ते मुस्तफा कमाल अतातुर्क याच घरात राहायला आले आणि १० नोव्हेंबर १९३८ ला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी याच पलंगावर गेले. खोलीतलं घड्याळ तिथंच थांबवलेलं आहे. दर वर्षी त्या मिनिटाला सगळा देश उभा राहतो, रस्त्यातल्या मोटारीसुद्धा. माझ्यापुढं एक आजी होत्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यांनी दाराच्या दोरीपाशी उभं राहून ओंजळ धरली, ओठ हलले, आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. इथं मला कुणाची बाजू घेता येईना. ज्या माणसानं देश उभा केला त्याच्यासाठी त्या आजी रडत होत्या, आणि ते अश्रू खरे होते. दहा वर्षांच्या मुलीची ती रात्रही खरी होती.

बाहेर आले तेव्हा पाऊस थांबला होता. वाड्याच्या मोठ्या दरवाजावर, उंच, सुलतानाचा तुग्रा कोरलेला आहे, सोन्याच्या मुलाम्याचा. तुग्रा म्हणजे सहीची मुद्रा. अक्षरं एकमेकांत गुंफलेली, तीन दांडे वर गेलेले, डाव्या अंगाला दोन मोठी वेटोळी. आबांनी मला सुट्टीत उर्दू अक्षरं शिकवली होती. कचेरीच्या जुन्या कागदांवरून बोट फिरवत मी वाचायची, ते चुका काढायचे. निघायच्या आधी मी बघून ठेवलं होतं की तुग्र्याचा मजकूर ठरलेला असतो. सुलतानाचं नाव, बापाचं नाव आणि शेवटी दोन शब्द. म्हणून मान वर करून शोधत बसले.

शेजारी कॉलेजातला एक मुलगा उभा होता. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुम्हाला हे वाचता येतं?" मी म्हटलं, थोडं थोडं. तुला? त्यानं मान हलवली. १९२८ साली तुर्कीची लिपी बदलून रोमन केली. त्याच्या पणजोबांची पत्रं घरात आहेत म्हणाला, कुणालाच लागत नाहीत. मला आमची ती पेटी आठवली. तिच्यातले खालचे कागद मोडीतले आहेत. आबा गेल्यापासून ते आमच्या घरातही कुणाला लागत नाहीत.

मग आम्ही दोघं बघू लागलो. मला अक्षरं येत होती, तुर्की येत नव्हती. त्याला तुर्की येत होती, अक्षरं नाही. मी बोटानं हवेत दाखवत एकेक सुटं केलं. "अब्दुल… मजीद."

"अब्दुलमेजित," तो म्हणाला.

"खान. मग महमूद, ते वडील. मग हा, मुजफ्फर."

"मुझफ्फेर," तो म्हणाला. "विजयी."

शेवटचा शब्द डाव्या अंगाला, वेटोळ्याच्या आत दडलेला होता. मी दाल धरला, मग अलिफ, मग मीम. दोनदा चुकले.

"दायमा," मी म्हटलं.

तो शब्द त्याला सांगावा लागला नाही. रोजच्या बोलण्यातला होता. "दाइमा," त्यानं हळू म्हटलं, आणि वर बघतच राहिला. "म्हणजे कायम."